काय घेता?

"काय घेता?" हा प्रश्न आपल्याकडे दोन प्रसंगी विचारला जातो. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो, तर चहा की कॉफी एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याचे उत्तर पाच वर्षांच्या मुलालाही देता येते. पण तुम्ही पगारी नोकर नसाल, भाषांतर, मुद्रितशोधन, घरांचे नकाशे, पुस्तकांची वेष्टने असले काहीतरी स्वतःच्या हिमतीवर करून पोट भरत असाल, तर हेच दोन शब्द एखादे गिऱ्हाईक उच्चारते आणि एरवी चांगला बोलका असलेला माणूस एकदम खिडकीबाहेर बघू लागतो. "तसं काही ठरलेलं नाही," तो म्हणतो. "तुम्हीच सांगा." किंवा "आधी काम तर बघू या." आणि गिऱ्हाईक ओळखीचे निघाले की मग, "छे हो, आपल्यात कसला हिशेब!"

या शेवटच्या वाक्याने महाराष्ट्रात जितके हिशेब बुडाले असतील तितके चोरांनीही बुडवले नसतील.

मी भाषांतराचा धंदा करतो. 'धंदा' म्हटले की आमच्यातली काही मंडळी दुखावतात. ती 'क्षेत्र' म्हणतात. क्षेत्र म्हटले की मला नाशिक, पंढरपूर आठवते, आणि तिथे आपण द्यायला जातो, घ्यायला नव्हे. गेली तीस वर्षे मी इंग्रजीचे मराठी करतो: औषधांच्या डब्यांतली पत्रके, बँकांचे अर्ज, पंपांची माहितीपुस्तके, आणि वर्षाकाठी एखादे खरोखरचे पुस्तक. या तीस वर्षांत गिऱ्हाइकांशी झालेल्या बोलण्याचा विचार केला, तर कामाविषयीचे बोलणे थोडे आणि पैशाच्या अवतीभवती घातलेल्या प्रदक्षिणाच फार. "आमचं बजेट जरा कमी आहे." "तुम्हाला काय, दोन तासांचं काम." "या वेळी सांभाळून घ्या, पुढं बरंच काम आहे." (हे पुढचे बरेच काम कुठे राहते, याचा मी पुष्कळ शोध केला आहे.) अलीकडे एक नवे वाक्य निघाले आहे: "मशीननं भाषांतर करून ठेवलंय, तुम्ही फक्त नजर टाका." मशीनच्या मराठीवर फक्त नजर टाकणे म्हणजे गळक्या गच्चीकडे फक्त बघणे, बघून पाणी थांबत नाही. तेव्हा नजर टाकण्याचाही माझा दर आहे आणि तो मी सांगतो.

आता हा संकोच येतो कुठून? मला वाटते, तो आपल्या शब्दांत आहे. हाताने काम करणाऱ्याला मजुरी मिळते, गवय्याला आणि कीर्तनकाराला बिदागी, भटजींना दक्षिणा, वक्त्याला मानधन. मजुरी आधी ठरते. बिदागी निरोपाच्या वेळी हातात पडते, आणि ती तिथेच मोजून बघायची नसते. दक्षिणा देणाऱ्याच्या इच्छेवर. आणि मानधनात धन कमी पडले तरी मान मिळाला, असे समाधान मानायची सोय त्या शब्दातच करून ठेवलेली आहे. लेखणी चालवणारा माणूस स्वतःला या दुसऱ्या रांगेत उभा करतो आणि मग महिनाअखेरीस पहिल्या रांगेतल्या माणसाकडे हेव्याने बघतो.

या रांगेचा इतिहास आमच्या पुण्यात तर अगदी ठळक आहे. पेशवाईत श्रावण महिन्यात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेली तरी इंग्रजांनी ती प्रथा एकदम मोडली नाही. पुढे १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी अर्ज केला, की या दक्षिणेतला काही पैसा मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना द्यावा. त्यावर शहरात मोठे रण माजले, आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठी ग्रंथांना, भाषांतरांनाही, रोख बक्षिसे मिळू लागली. फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे आपले नाटक याच कमिटीकडे पाठवले. ते नापसंत झाले. सांगायचा मुद्दा एवढाच, की मराठी लेखकाच्या हातात नियमाने पडलेल्या पहिल्या पैशांपैकी हा एक, आणि त्याचे नावच दक्षिणा! देणारा वर, घेणारा खाली, आणि रक्कम कमिटीच्या मर्जीची. नाव बदलून पावणेदोनशे वर्षे झाली, पण घेणाऱ्याच्या मानेचा बाक अजून गेलेला नाही.

माझ्या मानेला तो बाक नाही, याचे श्रेय माझ्या वडिलांचे. ते शिंपी होते. कसबा पेठेत त्यांचे दहा फुटांचे दुकान होते आणि दारात शिरताच उजव्या हाताला पाटी: शर्ट इतके, लेंगा इतके, कोट इतके, अस्तर वेगळे. गिऱ्हाईक पाटी वाचायचे, मनात हिशेब करायचे आणि मग माप द्यायला हात वर करायचे. घासाघीस होत नसे असे नाही, पण ती कापडाला कात्री लागायच्या आधी. निम्मे पैसे आगाऊ घेत. पावतीला त्या कापडाचा त्रिकोणी तुकडा टाचलेला असे, खाली ट्रायलची आणि नेण्याची तारीख. दसरा झाला की दुसरी पाटी लागे: 'दिवाळीच्या ऑर्डरी बंद.' ती लागल्यावर कितीही मोठा माणूस आला तरी वडील हात जोडत. आणि त्या हात जोडण्यात लाचारी नसे, दुकान भरल्याचा आनंद असे.

त्यांच्याकडे एक प्राध्यापक कोट शिवायला येत. एकदा त्यांनी बोलता बोलता सांगितले, की एका प्रकाशकासाठी त्यांनी तीनशे पानांचे पुस्तक लिहून दिले आहे. वडिलांनी सहज विचारले, "शिलाई काय ठरली?" प्राध्यापक म्हणाले, "अजून तसं बोलणं झालेलं नाही." वडिलांनी तोंडातली टाचणी काढून हातात घेतली आणि ते त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. बोलले काही नाहीत. गिऱ्हाईक होते.

आमची एक बैठक आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पाच जण जमतो. एक वास्तुविशारद, एक पुस्तकांची वेष्टने काढणारे चित्रकार, एक करसल्लागार बाई, एक मुद्रितशोधक आणि मी. पाचांपैकी कोणालाच मालक नाही. त्यामुळे पगारवाढ नाही, बढती नाही, रजा नाही, आणि निंदा करायला साहेबही नाही. ही शेवटची उणीव सर्वांत जाचते. प्रथम आम्ही नुसत्या गप्पा मारत असू. मग करसल्लागार बाईंनी एक नियम घातला. प्रत्येकाने आपल्या वहीत तीन रकाने आखायचे: मिळवले, आले, अडकले. आणि ते आकडे बैठकीत मोठ्याने वाचायचे. पहिल्या दिवशी सगळ्यांना डॉक्टरसमोर शर्ट काढल्यासारखे झाले. चित्रकारांनी तर घसा तीनदा साफ केला. पण आकडे बाहेर पडले आणि मौज अशी, की छत कोसळले नाही. उलट तासाभरात कळले, की एकच संस्था चित्रकारांना महिन्याने पैसे देते आणि मला सहा महिन्यांनी. कारण चित्रकार बिलावर तारीख घालतात आणि पंधराव्या दिवशी फोन करतात.

आमचे मुद्रितशोधक त्या दिवशी काही बोलले नाहीत. वय अडुसष्ट, शुद्धलेखनाचे नियम जिभेवर, आणि स्वभाव असा की छापखान्यातल्या पोऱ्यालाही 'अहो' म्हणतील. त्यांच्या डोळ्याखालून गेलेल्या पुस्तकांनी एक मध्यम आकाराचे ग्रंथालय भरेल. दुसऱ्या महिन्यात त्यांनी वही उघडली. पानाला बारा रुपये. हा दर २००९ सालापासूनचा. करसल्लागार बाईंनी विचारले, "मधे कधी वाढवून मागितला नाहीत?" ते म्हणाले, "त्यांच्या लक्षात येईल असं वाटत होतं." आणि मग चित्रकारांनी अगदी हळू आवाजात सांगितले, की त्याच प्रकाशकाकडे एक तरुण मुलगी मुद्रिते तपासते, तिला पानाला पंचवीस मिळतात.

खोलीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

मग बाईंनी कागद पुढे ओढला. वर्षाचे दिवस ३६५. त्यातून ५२ रविवार वजा. सणवार, लग्ने, मुंजी, कोणाचे दहावे-बारावे यांचे २०. आजारपणाचे १६. आणि आठवड्यातला एक दिवस काम आणणे, पोचवणे, बिलासाठी हेलपाटे घालणे यात जातो, तो कोणीच मोजत नाही, त्याचे ५२. राहिले २२५. आता घराला महिना तीस हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. त्यावर आजारपणाचा विमा, डॉक्टर, चष्मा, संगणक आणि म्हातारपणासाठी बाजूला टाकायचे मिळून ९० हजार. एकूण साडेचार लाख. भागिले २२५, म्हणजे दिवसाला दोन हजार. नीट वाचली तर दिवसात पन्नास पाने होतात. म्हणजे पानाला चाळीस रुपये. आणि बारा रुपयांनी दिवसाचे होतात सहाशे.

"मग घर चाललं कसं?" चित्रकारांनी विचारले.

ते पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या त्यांच्या पत्नीच्या पेन्शनीवर चालले होते. त्या महिन्याची बैठक त्यांच्याच घरी होती, आणि वहिनी बशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुमच्या धंद्यात एवढंच मिळतं." त्यात राग नव्हता. म्हणूनच ते ऐकवेना. गेली कित्येक वर्षे मराठी प्रकाशनव्यवसायाला एक निवृत्त शिक्षिका दरमहा अनुदान देत होत्या आणि हे ना त्यांना ठाऊक होते, ना प्रकाशकाला! वहिनी आत गेल्यावर मुद्रितशोधक म्हणाले, "ती आधी गेली तर मला मिळेल ते कुटुंब निवृत्तिवेतन. ते फार कमी असतं." हा हिशेब मात्र त्यांनी आधीच करून ठेवलेला होता. रात्री करून ठेवला असावा.

नोकरदार माणसाचा पगार नुसता पगार नसतो, हे आम्हा लोकांच्या ध्यानात राहत नाही. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीत त्याचे बारा टक्के कापले जातात तेव्हा सामान्यतः मालकही बारा टक्के घालतो. तो तापाने पडला तरी दिवस भरतो. आम्ही आमचेच नोकर आणि आमचेच मालक. आणि अनुभव असा, की आमच्याइतका चिक्कू मालक दुसरा नसतो. १९६८ साली सरकारने सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची योजना काढली, तिचा उपयोग आमच्यासारख्यांनाच अधिक. पंधरा वर्षांचे खाते, आणि त्यातल्या पैशावर न्यायालयाच्या हुकुमानेही जप्ती येत नाही. चित्रकारांनी ते उघडले तेव्हा चौतिशीत होते. अडुसष्टाव्या वर्षी उघडणाऱ्याला त्याचे काय सांगणार?

पण बाईंनी दुसरे काही सांगितले. मुद्रितशोधकांच्या बिलांतून दोन प्रकाशक दहा टक्के आयकर कापून घेत. तो पैसा कायमचा गेला, अशी त्यांची समजूत होती. तो गेलेला नसतो. तो त्यांच्या पॅन क्रमांकावर सरकारजमा असतो, आणि उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. बाईंनी मुदतीत होते तेवढ्या वर्षाचे भरले. चार महिन्यांनी बँकेत तेरा हजारांच्या आसपास जमा झाले. मुद्रितशोधकांनी बैठकीला पेढे आणले आणि वर पेढ्यांचा खर्च वहीत कुठल्या रकान्यात घालायचा, हेही विचारले.

कायदाही अगदीच आपल्या विरुद्ध नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ साली जो कायदा झाला, त्यात सेवा देणारा एकटा माणूसही बसतो. २०२० पासून 'उद्यम' नावाची नोंदणी आहे, तिला पैसे पडत नाहीत. ती असली, की काम घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी काही ठरले नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. आणि २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली, की मुदतीत न दिलेला पैसा प्रत्यक्ष देईपर्यंत धंद्याचा खर्च म्हणून वजा दाखवता येत नाही. या शेवटच्या कलमाने मोठमोठ्या हिशेबनिसांना आमची एकदम आठवण होऊ लागली. तरी मी अजून कोणावर चक्रवाढ व्याज लावलेले नाही. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक छापतो आणि त्याच्या शेजारी मुदतीची तारीख. बहुतेकांना तेवढे वाचता येते. ज्यांना येत नाही त्यांच्याशी पुन्हा काम करायचे की नाही, हे ठरवणे सोपे जाते.

फुकटच्या सल्ल्याची गोष्ट वेगळी, तिला कायदा नाही. आमच्या वास्तुविशारदांना लग्नात पंगतीला बसले की शेजारचा माणूस जिलबी बाजूला सारून गच्ची कुठून गळते ते सांगू लागतो. पूर्वी ते पानातल्या मिठाने नकाशा काढून दाखवत. आता शांतपणे म्हणतात, "न बघता सांगणं बरं नाही. उद्या सकाळी येतो. भेटीची फी पंधराशे." निम्म्या गच्च्या तिथल्या तिथे गळायच्या थांबतात. उरलेल्या निम्म्यांवर त्यांचा संसार चालतो. हे मला निष्ठुर वाटत नाही. गप्पा मारायला ते रात्री बारापर्यंत तयार असतात. फक्त गप्पा कुठे संपल्या आणि काम कुठे सुरू झाले, ते त्यांना कळते आणि ते बोलून दाखवतात.

तर, पत्र लिहायचे ठरले. तीन प्रकाशकांना, नवा दर कळवण्याचे. मुद्रितशोधकांनी पहिला मसुदा आणला तो दीड पानांचा होता. त्यात महागाई होती, दृष्टिदोष होता, जुना ऋणानुबंध होता, 'नाइलाजास्तव' दोनदा आणि 'क्षमस्व' तीनदा; आणि दर कुठेच नव्हता. वास्तुविशारदांनी तांबडी पेन्सिल घेतली. दुसऱ्यांच्या मजकुरावर आयुष्यभर काट मारत आलेला हा गृहस्थ स्वतःचा एकेक शब्द गळताना असा बघत होता, की आम्हालाच कसेसे झाले. सात मसुदे झाले. शेवटी उरले ते एवढे: 'स. न. वि. वि. १ एप्रिलपासून माझा दर पानाला पंचवीस रुपये राहील. आपला.' चाळीस लिहायचे धैर्य त्यांना झाले नाही, आणि आम्हीही आग्रह धरला नाही. उडी मारायला सांगणाऱ्याने खालचे पाणी किती आहे तेही बघावे.

पहिल्या प्रकाशकाचे उत्तर त्याच दिवशी आले. एकच शब्द: 'बरं.' आम्ही टाळ्या पिटल्या. मुद्रितशोधक मात्र तो शब्द कितीतरी वेळ बघत बसले. "म्हणजे नुसतं सांगायचंच होतं," ते म्हणाले. नकारापेक्षा तो होकारच त्यांना अधिक लागला असे मला वाटते. दुसऱ्याने घासाघीस करून वीसवर आणले. तिसऱ्याकडे ते एकोणीस वर्षे काम करत होते. त्याचे उत्तर आले नाही आणि कामही आले नाही. पुढे त्या प्रकाशनाचे एक पुस्तक बाजारात आले, ते त्यांनी विकत घेतले, रात्री वाचले आणि एकशे चौदा चुका काढल्या. ती यादी त्यांनी पाठवली नाही. "पाठवली तर ते फुकटचं काम होईल," असे म्हणून त्यांनी ती पुस्तकातच ठेवून दिली. ते हसले, पण डोळे हसत नव्हते. एकोणीस वर्षे म्हणजे काही थोडी नव्हेत. या धंद्यात गिऱ्हाईक जाते तेव्हा त्याच्याबरोबर थोडी माणसेही जातात, आणि त्याचा रकाना वहीत नाही.

यंदा जूनमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तीन आठवडे काम बंद. 'मिळवले' या रकान्यात त्यांनी शून्य लिहिले आणि ते बैठकीत नेहमीच्याच आवाजात वाचले. 'अडकले' या रकान्यात मात्र प्रथमच काही नव्हते. दोन्ही प्रकाशकांचे पैसे मुदतीत आले होते, आणि शस्त्रक्रियेचा खर्च वहिनींच्या पेन्शनीला हात न लावता भागला. वहिनी त्या दिवशी बशा ठेवून आत गेल्या नाहीत. आकडे संपेपर्यंत बसून होत्या.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्यांच्याकडे तपासायला दिला. त्यांच्याविषयी लिहिले आहे ते छापू का, असेही विचारले. त्यांनी परवानगी दिली, अकरा चुका काढल्या, 'चिक्कू' हा शब्द मालकाला शोभत नाही असा शेरा मारला, आणि कागदांना टाचून बिल पाठवले: पाने आठ, दर पंचवीस, एकूण रुपये दोनशे, मुदत पंधरा दिवस. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते, 'चहा घ्यायला रविवारी येतो. तो यात धरलेला नाही.'